गावात कोल्हा शिरला, आता रेबीजचं काय? गोव्यातल्या गावांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबईत २०२४ च्या शेवटी चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला कोल्हे माणसांवर धावून गेले, तपासणीत त्यातल्या काहींना रेबीज निघाला, आणि तेव्हापासून इकडे गोव्यात पण कुठं सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, कोल्हा दिसला की व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो आणि खाली पहिला मेसेज ठरलेला, "फॉरेस्टवाल्यांना सांगा, सगळे पकडून न्या". लोकांची भीती खोटी नाही, रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण कोल्हे पकडून रेबीज जात नाही, आणि मारून तर अजिबात नाही. मग गावानं करायचं काय, ते इथं क्रमानं लिहितोय. लेख लांब आहे, पण घाईत असाल आणि कुणाला चावा बसला असेल तर बाकी सगळं सोडून सरळ "चावलं तर" या भागावर जा, नंतर वेळ मिळेल तेव्हा वरचं वाचा.

आधी हे कळायला हवं: रेबीज राहतो कुठं

रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो, चाव्यातून, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर. कुठलंही सस्तन जनावर त्याला बळी पडू शकतं, कोल्हा, मुंगूस, माकड, उदमांजर, गाय, म्हैस, मांजर. पण "बळी पडणं" वेगळं आणि "वर्षानुवर्षं साखळी चालू ठेवणं" वेगळं. आपल्या देशात ही साखळी चालू ठेवतो तो कुत्रा. जगात माणसाला रेबीज होतो त्यातल्या ९९ टक्के केसेस कुत्र्याच्या चाव्यातून येतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोल्ह्याला रेबीज बहुतेक वेळा गावच्या कुत्र्याकडून मिळतो, मग तो कोल्हा आजारी होऊन परत गावात येतो, गुरांना चावतो, माणसाला चावतो, आणि पेपरात हेडलाइन कोल्ह्याची होते.

इथिओपियात बाले पर्वतात २००३ मध्ये दुर्मिळ इथिओपियन लांडगे रेबीजनं पटापट मेले, तो रेबीज तिथं गुरं राखणाऱ्या लोकांच्या कुत्र्यांकडून गेला होता. म्हणजे रोग जंगलातून गावात येतो असं आपण समजतो, पण बऱ्याचदा तो गावातून जंगलात गेलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, जंगली जनावरांचा रेबीज आवरायचा तर कोल्ह्याच्या मागं धावू नका, कुत्र्याच्या मागं लागा, आणि कुत्रा नि कोल्हा जिथं एकमेकांना भेटतात त्या जागा बंद करा. बाकी सगळं यातूनच निघतं.

मारून का जमत नाही

हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो म्हणून थोडा वेळ घेतो. एका भागातले कोल्हे किंवा कुत्रे मारले तर तिथलं खाणं आणि जागा तशीच राहते, मग बाजूचे येतात. नवीन येणाऱ्यांची आपसात हद्दीवरून भांडणं होतात, चावाचावी वाढते, आणि रेबीजला तेच तर हवं असतं. वर जे जनावर लस घेतलेलं होतं ते पण मेलं, म्हणजे ढाल आपणच काढून टाकली. युरोपात कोल्ह्यासारख्याच लाल खोकडांना (रेड फॉक्स) वर्षानुवर्षं गोळ्या घातल्या, बिळात गॅस सोडला, रेबीज पुढं सरकतच राहिला. बाली बेटावर २००८ मध्ये रेबीज आला तेव्हा हजारो कुत्रे मारले, तरी रोग बेटभर पसरला, शेवटी मोठ्या प्रमाणात लसीकरण केलं तेव्हा कुठं आकडे खाली यायला लागले.

आणि कायद्याची गोष्ट वेगळीच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत. माणसाच्या जिवाला धोका झालेलं किंवा बरं न होण्याइतकं आजारी जनावर मारायची लेखी परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. फासकी लावणं, विष घातलेलं मटण ठेवणं, बंदूक घेऊन सड्यावर जाणं, हे सगळं गुन्ह्यात जातं, आणि विषाचं मटण खाऊन पहिला मरतो तो शेजाऱ्याचा कुत्रा.

पहिलं काम: गावाच्या कडेच्या कुत्र्यांना लस

गोव्यात हे काम झालेलं आहे, नव्यानं शोधायला नको. मिशन रेबीज ही संस्था, राज्य सरकारचं पशुसंवर्धन खातं आणि बाकी प्राणी संस्था मिळून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस देत होत्या, शाळांमधून मुलांना शिकवत होत्या, आणि कुत्र्यांमधल्या रेबीजच्या महिन्याच्या केसेस ९२ टक्क्यांनी खाली आल्या. जून २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोवा रेबीजमुक्त झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा तीन वर्षांत माणसाचा रेबीजनं एकही मृत्यू झालेला नव्हता. पण "मुक्त" हा शब्द ऐकून लोक सैल पडले, ते बरं नाही. रेबीज राज्याची हद्द ओळखत नाही, पत्रादेवी आणि पोळेच्या चेकनाक्यावर ट्रकचे पेपर बघतात, कुत्र्याचे नाही.

आकडा लक्षात ठेवा, ७० टक्के. गावातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस असेल तर साखळी तुटते. रेबीज तसा आळशी रोग आहे, एक आजारी कुत्रा सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच तो देतो, म्हणून सगळ्यांना गाठावं लागत नाही. पण कुत्र्यांचं आयुष्य लहान, दरवर्षी नवीन पिल्लं येतात, जुने मरतात, त्यामुळे गेल्या वर्षीचे ७० टक्के या वर्षी ७० राहत नाहीत. दरवर्षी करावं लागतं, त्याला पर्याय नाही.

आता प्रत्यक्ष कसं. पंचायतीनं आधी वाड्यावार यादी करायची, कुठल्या वाड्यावर किती कुत्रे, त्यातले घरचे किती, मोकळे किती. ही यादी करायला पंचांपेक्षा पोदेर चांगला, सकाळी सायकलवर पाव घेऊन फिरणाऱ्याला प्रत्येक दारातला कुत्रा माहीत असतो, कुठला भुंकतो कुठला चावतो ते पण. मग पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा लसीकरण करणाऱ्या टीमला तारीख मागायची. टीम आली की पहाटे नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर फिरते, घरचे कुत्रे मालकानं धरायचे, मोकळे जाळ्यानं पकडतात. जाळं मोठ्या हँडलचं, एक जण समोरून लक्ष वेधतो, दुसरा बाजूनं टाकतो, कुत्रा दोन सेकंद कोकलतो, पायात सुई, कपाळावर रंगाचा पट्टा आणि सोडून दिलं. रंग कशाला तर दुसऱ्या दिवशी टीम नुसती फिरते आणि मोजते, रंगाचे किती, बिनरंगाचे किती, त्यावरून ७० झाले की नाही ते कळतं, नाही झाले तर त्याच वाड्यावर परत.

आता खरी गोम. टीमला रस्त्यावरचे कुत्रे सापडतात, बाजारातले, देवळापुढचे, बसस्टॉपवरचे. सुटतात ते कडेचे. काजूच्या बागेत राखणीला ठेवलेला कुत्रा, कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) खोपीत बांधलेला, चिऱ्याच्या खाणीवर कामगारांबरोबर राहणारा, धनगर वस्तीतला, आणि हो, रानडुकराच्या शिकारीला नेतात ते कुत्रे. शिकार बेकायदा आहे म्हणून ते कुत्रे कुणी लसीला आणत नाही, पण जंगली जनावराच्या तोंडाला तोंड लावणारे नेमके तेच. सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा, काणकोण, इकडच्या गावांनी वेळ आणि पैसा कमी असेल तर बाजारातले शंभर कुत्रे सोडून या कडेच्या वीस कुत्र्यांपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले ही अभयारण्यं आणि गावं यांच्यामध्ये भिंत नाही, भिंत आहे ती या लस घेतलेल्या कुत्र्यांचीच.

घरचा कुत्रा असेल तर तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग बूस्टर आणि दरवर्षी एक, वेळापत्रक डॉक्टर कार्डवर लिहून देतात ते कार्ड सांभाळा. मांजराला पण द्या, मांजराकडं सगळे दुर्लक्ष करतात. पिल्लं नको असतील तर नसबंदी करा, आणि ॲनिमल बर्थ कंट्रोल नियम २०२३ प्रमाणं पकडलेला कुत्रा नसबंदी-लस करून परत त्याच जागी सोडायचा असतो, दुसऱ्या गावात नेऊन सोडणं हे आपल्याकडचं आवडतं काम, ते बंद करा. कुत्र्याबरोबर रोग पण टेम्पोत बसून जातो.

दुसरं काम: भेटीच्या जागा बंद करा

कोल्हा तसा कुणाच्या वाटेला जाणारा नाही. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) बांधावर खेकडे, सड्यावर उंदीर-सरडे, पडलेली फळं, एवढं मिळालं की तो खूश. तो गावात येतो ते खाण्यासाठी, आणि गावातलं फुकटचं खाणं जिथं असतं तिथं आधीच कुत्रे बसलेले असतात. चाव्याची जागा ती.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे चिकन सेंटरचा कचरा. आतडी, पिसं, डोकी गोणीत भरून रात्री सड्याच्या रस्त्याकडेला फेकतात, सकाळी तिथं जाऊन बघा, गोणी फाडलेली, एका बाजूला कुत्र्यांचे पाय उमटलेले, दुसऱ्या बाजूला त्याहून थोडे निमुळते, आणि मधे पिसांचा सडा. पंचायतीनं दुकानाचं लायसन्स रिन्यू करताना कचरा कुठं देतो याची पावती मागावी, साळगाव आणि काकोड्याला कचरा प्रकल्प आहेत, पंचायतीची गाडी आहे, सोय नाही असं म्हणायला जागा राहिलेली नाही.

दुसरी जागा मेलेली गुरं. रस्त्यावर ठोकर बसून मेलेला बैल ओढून नेऊन घळीत टाकायचा ही जुनी पद्धत, पूर्वी गिधाडं होती म्हणून चालून जायचं, आता तो बैल आठवडाभर कुत्र्यांची आणि कोल्ह्यांची पंगत होतो. जेसीबी बोलवा आणि निदान माणूसभर खोल पुरा. गाय व्यायली की वार गोठ्यामागं फेकू नका, ती पण पुरा.

किनाऱ्याकडची गोष्ट वेगळी. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं, चालू असतात तोवर पर्यटक आणि वेटर कुत्र्यांना भरपूर खायला घालतात, मे महिन्याच्या शेवटी शॅक उतरतात, पाऊस सुरू होतो आणि तेच कुत्रे उपाशी होऊन आतल्या गावांकडं, शेताकडं सरकतात. कळंगुट-बागा काय, कोळवा-बाणावली काय, शॅक उतरायच्या आधी तिथल्या कुत्र्यांची लस पूर्ण झाली तर आतल्या गावांचा त्रास आपोआप कमी होईल. खायला घालणाऱ्यांशी भांडून काही होत नाही, उलट त्यांनाच बरोबर घ्या, त्यांच्या हातातून कुत्रा सहज धरता येतो.

बाकी लहान गोष्टी पटकन सांगतो. कोंबड्यांचं खुराडं रात्री बंद, जाळी खालून जमिनीत वीतभर पुरलेली. शेळ्या-वासरं रात्री आत. कुत्र्याचं ताट रात्री बाहेर ठेवायचं नाही. माकडांना देवळाच्या पायरीवर केळी द्यायची नाहीत, माकड चावलं तरी रेबीजची लस घ्यावीच लागते हे देणाऱ्याला सांगा, हात आपोआप मागं जातो.

कोल्हा दिसला म्हणजे तो पिसाळलेला असं नाही

चोडण बेटावर खारफुटीच्या कडेनं कोल्हा दिवसाढवळ्या फिरताना दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पिल्लं असतील तेव्हा पण ते दिवसा बाहेर पडतात. बघायचं ते त्याचं वागणं. माणूस बघून पळाला, लांबून थांबून वळून बघतो, ठीक आहे. पण माणसाची भीतीच उरलेली नाही, अंगणात घुसतो, चालत्या स्कूटरवर झेपावतो, बांधलेल्या बैलाला चावतो, लाकूड-दगड चावतो, मागचे पाय लटपटतात, खालचा जबडा लोंबतो आणि लाळ गळते, आवाज घोगरा बदललेला, यातलं काही दिसलं तर रेबीज समजूनच वागा. कुत्र्यांमधला डिस्टेंपर आजार पण कोल्ह्यांना होतो आणि तो बराचसा असाच दिसतो, लांबून फरक सांगता येत नाही, सांगायची गरज पण नाही. आणखी एक, रेबीजचं जनावर नेहमी चवताळलेलंच असतं असं नाही. काही अगदी गप्प, सुस्त होऊन कोपऱ्यात पडून राहतात. बिचारं आजारी म्हणून पाणी पाजायला जवळ जाणारे लोक तिथं सापडतात. मुंगूस असं पडलेलं दिसलं तर मुलं काठीनं हलवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. वटवाघूळ जमिनीवर पडलेलं असेल तर उघड्या हातानं उचलायचं नाही, चावलं किंवा ओरखडलं तर डॉक्टर.

गाय-म्हैस विनाकारण हंबरत राहते, लाळ गळते, गिळता येत नाही, मागचा भाग ढिला पडतो, तेव्हा घरातला कुणी तरी म्हणतो घशात काही अडकलं आणि कोपरापर्यंत हात घालतो. हे करू नका. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत दावं लांब बांधा आणि दूध काढणं थांबवा.

त्या दिवशी काय करायचं

असा कोल्हा गावात आला तर आधी मुलं आणि म्हातारी माणसं घरात, कुत्रे बांधून आत, गुरं गोठ्यात. मग वनखात्याच्या जवळच्या रेंज ऑफिसला फोन, आणि बरोबर पशुवैद्यकीय दवाखान्याला पण, कारण दोन खात्यांना वेगवेगळं कळवावं लागतं, एकानं दुसऱ्याला सांगितलं असेल असं धरून चालू नका. दोन्हीचे नंबर आजच पंचायतीच्या बोर्डावर लिहून घ्या, शोधत बसायची वेळ ती नसते.

घेराव घालू नका. वीस पोरं काठ्या घेऊन कडं करतात, मोबाईल वर, आणि कोल्ह्याला जायला वाट राहत नाही, मग तो जिथं फट दिसेल तिथून म्हणजे कुणाच्या तरी पायाला चावूनच जातो. वाट मोकळी ठेवा, लांबून व्हिडिओ घ्या, वनखात्याला तो उपयोगी पडतो. तो एखाद्या खोलीत, शौचालयात, रिकाम्या गोठ्यात शिरला तर हळूच दार ओढून घ्या आणि तिथंच थांबा, उघडून बघायचं नाही.

मेला किंवा मेलेला सापडला तरी हात लावायचा नाही. मेलेलं जंगली जनावर कायद्यानं सरकारी मालमत्ता असते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या मेंदूतूनच रेबीजची खात्री होते. म्हणून डोकं फोडू नका, जाळू नका, पुरू नका. वनखातं आणि पशुवैद्य ते बर्फात ठेवून पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवतात. उन्हात दोन दिवस राहिलं की नमुना वाया. कावळे-कुत्रे येऊ नयेत म्हणून वर टोपली उलटी घाला आणि दगड ठेवा. जिथं लाळ-रक्त सांडलं तिथं साबणाचं पाणी आणि ब्लीचिंग, हा विषाणू उन्हात आणि साबणात टिकत नाही.

मग यादी, आणि ही यादी फार महत्त्वाची. त्या दिवशी आणि आधीच्या काही दिवसांत तो जनावर कुणाला चावला, माणसं, कुत्रे, गुरं, सगळं घरोघरी विचारून लिहा. माणसं लगेच इस्पितळात. कुत्र्याला आधीची लस असेल तर लगेच बूस्टर, नसेल तर तो वेगळा आणि बांधून, चाव्यानंतरच्या लसी डॉक्टर सांगतील तशा, आणि त्याच्यावर नजर काही महिने, कारण लक्षणं उशिरा पण येतात. गुरांना पण चाव्यानंतर लसीचा कोर्स असतो, उशीर न करता केला तर जनावर वाचू शकतं. आणि त्याच आठवड्यात त्या गावात आणि शेजारच्या गावांत बिनलसीच्या कुत्र्यांना लस.

चावलं तर

पहिल्या पंधरा मिनिटांतलं काम तुमच्याच हातात आहे. नळाखाली, साबण लावून, पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवा. या विषाणूला वरून चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. मग बेटाडीनसारखं आयोडीन असेल तर लावा. हळद नको, चुना नको, तिखट नको, गावठी पाला नको, आणि फेणी पण नको, मला माहीत आहे बाटली जवळच असते. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालायची घाई नको.

मग लगेच आरोग्य केंद्र. जंगली जनावराचा चावा हा नेहमी तिसऱ्या म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गात धरतात, ओरखडा लहान असला तरी. कुत्रा-मांजर चावलं तर लस सुरू करून दहा दिवस जनावर बघायचं असतं, ते दहाही दिवस ठणठणीत राहिलं तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा. कोल्हा, मुंगूस, माकड चावलं तर "बघू दहा दिवस" असं काही नसतं.

तिसऱ्या वर्गात नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती सिरम पण टोचावं लागतं, म्हणजे तयार अँटिबॉडी, इम्युनोग्लोब्युलिन किंवा नवीन मोनोक्लोनल. लसीमुळे शरीर स्वतःचं संरक्षण बनवायला आठवडाभर घेतं, तोवर सिरम जखमेवरच विषाणू अडवतं. लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं, नंतर उपयोग नाही. हेच सगळ्यात जास्त राहून जातं, लोक दंडावर एक इंजेक्शन घेऊन घरी येतात आणि समजतात झालं. तर विचारा, "सिरम दिलं का?" केंद्रात नसेल तर जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), गाडी नसेल तर १०८.

लसीचे दिवस, दंडात स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८, आणि कातडीत दोन जागी देत असतील तर ०, ३, ७, २८. शून्य म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. ढुंगणावर लस घ्यायची नाही. आधी कधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर कागद दाखवा, मग फक्त ० आणि ३, सिरम लागत नाही. गरोदर बाई, लहान मूल, सगळ्यांना लस चालते. चावून दिवस उलटून गेले तरी जा. लक्षणं साधारण एक ते तीन महिन्यांत येतात, कधी आठवड्यात, कधी वर्षानं पण, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं.

वनरक्षक, लसीकरण टीम, कोल्हे-मुंगसांची सुटका करणारी पोरं, गुरांचे डॉक्टर, यांनी चावा बसायची वाट न बघता आधीच कोर्स करून ठेवावा, तीन डोस, ० आणि ७ आणि मग २१ किंवा २८ वा दिवस. नुसत्या सापांचं रेस्क्यू करत असाल तर सापाला रेबीज होत नाही, पण कॉल सापाचा येतो आणि तिथं निघतं मुंगूस, असं पण होतं.

जंगलात लस टाकता येते का

येते, आणि जगात मोठ्या प्रमाणात केलेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली कोंबडीच्या डोक्यात लस घालून ती डोकी रानात टाकली, खोकडांनी खाल्ली, आणि जिथं बंदुकीनं जमलं नव्हतं तिथं रेबीज थांबला. पुढं फिशमीलच्या वड्यांत लसीची पुडी घालून विमानातून टाकायला लागले, पश्चिम युरोपचा मोठा भाग असा खोकडांच्या रेबीजमधून मोकळा झाला. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९५ पासून कोल्ह्याच्याच जातीतल्या कायोटींसाठी हेच केलं.

मग आपण का नाही? तिथं रेबीजचं घर खोकड होतं, म्हणून खोकडाला लस. आपल्याकडे घर कुत्रा आहे. सड्यावर वडी टाकली तर कोल्ह्याच्या आधी कुत्रा, कावळा, रानडुक्कर खातील, आणि तोंडी लस आपल्याकडे नेहमीच्या वापरात आलेलीच नाही. गोव्यात हाताला न लागणाऱ्या मोकळ्या कुत्र्यांपुढं लस नसलेल्या रिकाम्या वड्या टाकून बघायचा प्रयोग झालाय, जाळ्यात न येणारे कुत्रे पण वडी खातात हे त्यात दिसलं. उद्या ही लस मिळाली तर ती आधी त्याच कुत्र्यांना जाईल, काजूच्या बागेतल्या आणि खाणीवरच्या, जे कुणाच्या हाताला लागत नाहीत. कोल्हे पिंजऱ्यात पकडून लस देऊन सोडणं हा एक मार्ग आहे, पण त्याला वनखात्याची परवानगी, भूल देणारा पशुवैद्य, भरपूर खर्च, आणि शेवटी हाताला लागणार किती. गावानं त्या नादाला लागू नये.

तारीख कधीची घ्यायची

माझ्या मते पावसाच्या आधीची. एप्रिल-मे मध्ये काजूचा सिझन संपत येतो, लोक बागेतच असतात म्हणून तिथले कुत्रे धरायला माणूस मिळतो, शॅक अजून उभे असतात, मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून पोरं मदतीला येतात, आणि एकदा जूनचा पाऊस लागला की टीमची गाडी बागेच्या वाटेवर जात नाही. पंचायतीची ग्रामसभा जानेवारीत असते तेव्हाच विषय घालून ठेवा, दवाखान्याला पत्र फेब्रुवारीत द्या, पोचपावतीचा शिक्का घ्या. यादीत प्रत्येक कुत्र्यापुढं मालकाचा किंवा खायला घालणाऱ्याचा फोन लिहा, नाहीतर टीम येते त्या दिवशी अर्धे कुत्रे बागेत आणि मालक म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. शुक्रवार सोडून तारीख घ्या.